हाफ क्लच

मे महिन्यात माझा सिंथ सुरात राहत नाही.
सकाळी सातला दोन्ही ऑसिलेटर जुळवून ठेवते,
अकराला एक वर सरकलेला असतो,
दुसरा त्याच्या मागून, पण तेवढाच नाही.
सेहेचाळीस अंशांत डांबर जागा सोडतं,
ट्रान्झिस्टरला काय बोलणार.

तरी बसते. पायाखाली पेडल,
कुठल्याशा ऑर्केस्ट्रानं मोडीत काढलेलं,
सीताबर्डीच्या बोळातून दीडशे रुपयांत आणलेलं,
आतला पॉट खरखरणारा.
पहिल्यांदा जोडलं तेव्हा
टाचेपासून अंगठ्यापर्यंत पाच सप्तकं.
चवडा एवढासा हलला
की सूर कोराडीच्या चिमणीवर,
आणि उतरला की फडताळातले स्टीलचे डबे
आपोआप बोलायला लागायचे.
मग मध्ये एक रेझिस्टर घातला, मग दुसरा,
शेवटी सगळा प्रवास दोन सुरांत बसवला.
आता फक्त सा पासून ग पर्यंत जायचं,
मधल्या थांब्यांसकट.

ते थांबे मला सापडत नव्हते.
बोटांना पट्ट्या पाठ,
पायाला नुसतं हो आणि नाही.

वरच्या मजल्यावरचे नागोराव खोब्रागडे
दुपारी आमच्या कूलरपुढे येऊन बसतात.
बत्तीस वर्षं एसटी, नागपूर–अकोला.
डावा गुडघा क्लचनं खाल्ला, असं सांगतात,
पगाराचा हिशोब सांगावा तसं.
तासभर ऐकत होते. वाळ्यातून पाणी ठिबकत होतं.
मग म्हणाले,
"काऊन दाबून राह्यली वं त्याले?
थे दाबाचं नाही. धराचं हाये."

चप्पल काढली. खुर्ची ओढली.
डावा पाय ठेवला. सगळे उजवा ठेवतात.
मी एक पट्टी धरून ठेवली, बाकी काही नाही.

सूर हलला,
इतका हळू की मला वाटलं, उन्हानंच सरकतोय.
रे च्या जरा अलीकडे थांबला
आणि तिथंच राहिला,
जिथं माझ्या कीबोर्डवर पट्टी नाही.

"तळेगावचा घाट," ते म्हणाले.
"समोर ट्रक बंद पडला. मांगं बावन्न माणसं झोपले.
ब्रेक सोडाचा, क्लच अर्धा.
गाडी समोर नाही जात, मांगंबी नाही.
कोनाची झोप नाही मोडली पायजे."

त्यांना सा कुठला ते माहीत नाही.
विहारात वंदनेला शेवटच्या रांगेत बसतात
आणि ओठ हलवतात, आवाज काढत नाहीत,
आपल्यामुळं दुसऱ्याचं बिघडेल म्हणून.

दुपार चढत गेली. ऑसिलेटर वर सरकत होता,
त्यांचा पाय तेवढाच खाली येत होता.
मी ट्यूनर लावून पाहिला,
चोरून, परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून.
आकडा एकदाही बदलला नाही.

कसं कळतं, काका, किती?

"टाचेले समजते.
बुटात समजे नाही, मी काढूनच चालवो.
साहेबानं दोन खेपा मेमो देल्ला."
आणि हसले. पाय हसला नाही.

चारच्या सुमारास लाईट गेली.
कूलरचं पातं दोन-तीनदा फिरून थांबलं,
सूर मात्र फिरला नाही, उतरला नाही,
होता आणि नव्हता.
खालून बर्फगोळेवाल्याची घंटी गेली, तीही बेसूर.

लाईट गेली, काका.
"हाव," ते म्हणाले.

पाय तसाच होता, अर्धा,
पोटरीची शीर ताठ,
नजर समोर भिंतीवर, जिथं फक्त दुधाचं कॅलेंडर आहे.
मीही पट्टीवरचं बोट
उचललं नाही.